हरलेल्यांनी सोडलेली सत्ता

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली. तिच्यात राजकीय पक्षाचा उल्लेख एकदाही येत नाही. ही नजरचूक नव्हती. पक्ष म्हणजे फूट आणि फूट पडली की प्रजासत्ताक बुडते, अशी त्या पिढीची पक्की समजूत होती. रोमच्या आणि इंग्लंडच्या इतिहासातून त्यांनी हाच धडा घेतला होता. साहजिकच राज्य करणारा पक्ष निवडणुकीत हरला तर त्याने कारभार कसा सोपवायचा, याविषयी घटनेत एक ओळही नव्हती. अवघ्या तेरा वर्षांनी, १८०० साली, नेमके तेच घडले. जॉन ॲडम्सचा फेडरलिस्ट पक्ष हरला, थॉमस जेफरसनचा रिपब्लिकन पक्ष जिंकला आणि ४ मार्च १८०१ रोजी रक्त न सांडता कारभार एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेला. (हा आजचा रिपब्लिकन पक्ष नव्हे, तो १८५४ साली निघाला. जेफरसनच्या पक्षाला इतिहासकार पुष्कळदा डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन म्हणतात.) पाठ्यपुस्तकांत ही घटना एका वाक्यात उरकते. पण मधल्या काही महिन्यांत तो कोवळा देश मोडण्याच्या किती जवळ गेला होता आणि कोणाकोणामुळे सावरला, ही हकिकत सविस्तर सांगण्यासारखी आहे. ती वाचताना जिंकणाऱ्यांपेक्षा हरणाऱ्यांकडे जास्त लक्ष द्यावे, असे मला वाटते.

आधी निवडणुकीची पद्धत समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच निघाला. अमेरिकेचा अध्यक्ष जनता थेट निवडत नाही. प्रत्येक राज्य ठरावीक संख्येचे निर्वाचक नेमते आणि ते मत देतात. निर्वाचक कसे नेमायचे हे त्या त्या राज्याने ठरवायचे. १८०० साली सोळापैकी बहुतेक राज्यांत विधिमंडळच ते नेमत असे. सामान्य मतदाराचा त्यात थेट हात नव्हता. प्रत्येक निर्वाचकाला दोन मते होती. ती दोन वेगळ्या माणसांना द्यायची आणि त्यातला एक तरी परराज्यातला हवा, एवढाच दंडक. हे मत अध्यक्षपदासाठी आणि ते उपाध्यक्षपदासाठी, असे नोंदवायची सोय नव्हती. ज्याला सर्वांत जास्त मते पडतील आणि निम्म्याहून अधिक निर्वाचकांचा पाठिंबा असेल तो अध्यक्ष. त्याच्या खालचा उपाध्यक्ष. बरोबरी झाली तर प्रतिनिधिगृहाने निवड करायची, आणि तीही सदस्यागणिक नव्हे, राज्यागणिक एक मत धरून. देशातले दोन सर्वांत लायक गृहस्थ आपोआप वर येतील, अशी त्यामागची अपेक्षा होती. जॉर्ज वॉशिंग्टन उभा होता तोवर हे निभावून गेले. १७८९ आणि १७९२, दोन्ही वेळा मत देणाऱ्या प्रत्येक निर्वाचकाने त्याला मत दिले.

पक्ष जन्माला आले ते मात्र याच वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळात. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनला बळकट मध्यवर्ती सरकार हवे होते. राज्यांच्या डोक्यावरचे युद्धकर्ज त्याने केंद्राकडे घेतले, १७९१ मध्ये राष्ट्रीय बँक काढली आणि कर्जाचे व्याज भागवायला व्हिस्कीवर अबकारी कर बसवला. परराष्ट्रमंत्री जेफरसन आणि काँग्रेसमधला त्याचा मित्र जेम्स मॅडिसन यांना यात इंग्लंडच्या राजदरबाराचा वास येऊ लागला. सावकार आणि कर्जरोखे बाळगणारे गबर होणार आणि शेतकरी भरडला जाणार, हे त्यांचे म्हणणे. १७९४ मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांनी त्या कराविरुद्ध बंड केले तेव्हा सरकारने तिथे फौज नेली, त्याने दरी रुंदावली. फ्रान्समध्ये क्रांती होऊन युरोपात युद्ध पेटले होते. हॅमिल्टनच्या बाजूचे इंग्लंडकडे कलले, जेफरसनच्या बाजूचे फ्रान्सकडे. वॉशिंग्टनने १७९६ मध्ये निवृत्त होताना पक्षभावनेविरुद्ध देशाला कळकळीने बजावले. तोवर उशीर झाला होता.

त्याच साली घटनेतली फट उघडी पडली. ॲडम्सला ७१ मते पडली, जेफरसनला ६८. म्हणजे अध्यक्ष एका पक्षाचा आणि उपाध्यक्ष त्याच्या विरोधी पक्षाचा! चार वर्षे देशाच्या दोन सर्वोच्च पदांवर दोन प्रतिस्पर्धी बसले होते. ॲडम्स आणि जेफरसन हे जुने मित्र. स्वातंत्र्याचा जाहीरनामा तयार करणाऱ्या समितीत दोघे होते, आणि फिलाडेल्फियात घटना लिहिली जात होती तेव्हा एक लंडनला, दुसरा पॅरिसला आपल्या देशाचा वकील होता. आता त्यांच्यातले बोलणे जवळजवळ थांबले.

१७९८ साली गोष्टी हाताबाहेर जाऊ लागल्या. फ्रेंच मंत्र्याच्या हस्तकांनी अमेरिकी शिष्टमंडळाकडे लाच मागितल्याची बातमी फुटली आणि देशभर संताप उसळला. समुद्रावर फ्रान्सशी अघोषित युद्ध सुरू झाले. त्या लाटेवर फेडरलिस्ट काँग्रेसने परकीयांविषयी आणि राजद्रोहाविषयी चार कायदे केले. नागरिकत्वासाठी पाच वर्षांचा रहिवास पुरत असे, तो चौदा वर्षांचा झाला, कारण नवे आयरिश आणि फ्रेंच रहिवासी रिपब्लिकनांना मत देत. सरकारविरुद्ध, काँग्रेसविरुद्ध किंवा अध्यक्षाविरुद्ध खोटे आणि द्वेषमूलक लिहिणाऱ्याला दोन हजार डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद ठरली. या यादीत उपाध्यक्षाचे नाव नव्हते. जेफरसनवर वाटेल ते लिहायला मोकळीक होती. शिवाय हा कायदा ३ मार्च १८०१ ला, म्हणजे ॲडम्सची मुदत संपतानाच, आपोआप सरणार होता. कोणासाठी आणि किती दिवसांसाठी तो केला होता, हे यावरून कळते.

पहिला मोठा बळी ठरला व्हर्माँटचा काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन. मूळचा आयरिश, जिभेचा तिखट. अध्यक्षावर टीका केल्याबद्दल त्याला चार महिने कैद आणि हजार डॉलर दंड झाला. तुरुंगात असतानाच तो निवडणुकीला उभा राहिला आणि निवडून आला. हा माणूस लक्षात ठेवायला हवा, पुढे त्याचे काम आहे. इकडे जेफरसन आणि मॅडिसन यांनी नाव गुप्त ठेवून केंटकी आणि व्हर्जिनियाच्या विधिमंडळांकरिता ठराव लिहून दिले: केंद्राचे असले कायदे घटनाबाह्य आहेत आणि त्यांना अडवण्याचा हक्क राज्यांना आहे. कायद्याचा जाच खरा होता, पण या उत्तरातही देश फोडण्याचे बीज होते. पुढे साठ वर्षांनी दक्षिणेकडची राज्ये फुटून निघाली तेव्हा त्यांनी याच युक्तिवादाचा वारसा सांगितला. जेफरसनवर माझी भक्ती नाही, त्याचे एक कारण हे ठराव.

१८०० ची निवडणूक आली ती अशा वातावरणात. जेफरसन निवडून आला तर धर्म बुडेल, असे फेडरलिस्ट वर्तमानपत्रे लिहीत होती. ॲडम्सला राजा व्हायचे आहे, असे रिपब्लिकन पत्रे लिहीत होती. दोन्ही बाजूंना आपण निवडणूक नव्हे, अमेरिकी क्रांतीची अखेरची लढाई लढतो आहोत असे मनापासून वाटत होते. त्यांना 'विरोधी पक्ष' ही कल्पनाच माहीत नव्हती. आपण देशाचे आणि समोरचे देशाचे शत्रू, एवढेच दोन प्रकार त्यांच्या डोक्यात होते. असे मानणारी माणसे सत्ता कशी सोडतील?

निकाल बराचसा न्यूयॉर्क शहरात लागला. तिथल्या विधिमंडळाच्या जागा ज्याच्या, त्याची राज्यातली १२ निर्वाचक मते. रिपब्लिकनांच्या बाजूने ती मोहीम आरन बर या वकिलाने चालवली. त्याने गव्हर्नर राहून गेलेला जॉर्ज क्लिंटन, क्रांतियुद्धातला सेनापती होरेशिओ गेट्स अशी भारदस्त नावे उमेदवार म्हणून उभी केली, प्रत्येक वॉर्डातल्या मतदारांची माहिती गोळा केली आणि कार्यकर्त्यांना घरोघर धाडले. आपण आज ज्याला प्रचारयंत्रणा म्हणतो तिचा हा एक पहिला नमुना. (त्याच्या आदल्या वर्षी याच गृहस्थाने शहराला पाणी पुरवण्याच्या नावाखाली मॅनहॅटन कंपनीची सनद मिळवून तिच्यातून बँक काढली होती, फेडरलिस्ट बँकांच्या दारात ताटकळणाऱ्या व्यापाऱ्यांना तिच्यामुळे दुसरे दार मिळाले.) मे महिन्याच्या सुरुवातीला निकाल आला. न्यूयॉर्क रिपब्लिकनांकडे गेले.

हरलेल्यांची पहिली परीक्षा इथे झाली. हॅमिल्टनने न्यूयॉर्कचा गव्हर्नर जॉन जे याला तातडीचे पत्र लिहिले. नवे विधिमंडळ जुलैत बसणार होते. तोवर जुने, फेडरलिस्ट बहुमताचे विधिमंडळ पुन्हा बोलवावे, निर्वाचक नेमण्याचा नियमच बदलून टाकावा आणि नास्तिक व माथेफिरू जेफरसनच्या हाती देशाचे सुकाणू जाऊ देऊ नये, अशी ती मसलत होती. कायद्याच्या अक्षराने हे कदाचित बसलेही असते. जे स्वतः फेडरलिस्ट, इंग्लंडशी वादग्रस्त तह करून आलेला, रिपब्लिकनांनी ज्याचे पुतळे जाळले असा माणूस. त्याला जेफरसनविषयी प्रेम असण्याचे कारणच नव्हते. त्याने त्या पत्रावर एवढेच टिपून ठेवले की ही पक्षाच्या हितासाठी केलेली सूचना आहे आणि ती अमलात आणणे मला शोभणार नाही. विधिमंडळ त्याने बोलावले नाही. या सबंध प्रकरणात मला सर्वांत मोठी वाटणारी कृती ही आहे, आणि ती एका न केलेल्या गोष्टीची आहे.

फेडरलिस्ट आपसातही फुटले होते. ॲडम्सने फ्रान्सशी युद्ध पेटवण्याऐवजी पुन्हा शिष्टमंडळ पाठवले आणि समेट घडवला. त्याच्याच पक्षातल्या युद्धखोरांना हे सहन झाले नाही. मे १८०० मध्ये त्याने परराष्ट्रमंत्री पिकरिंग आणि युद्धमंत्री मॅकहेन्री या हॅमिल्टनच्या दोन माणसांना मंत्रिमंडळातून घालवले. ऑक्टोबरात हॅमिल्टनने आपल्याच पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध पन्नासहून अधिक पानांची पुस्तिका लिहिली. ती खासगी वाटपासाठी होती, पण विरोधकांच्या हाती लागली आणि छापून गेली. फ्रान्सशी तह सप्टेंबरअखेर झाला होता, त्याची बातमी समुद्र ओलांडून येईपर्यंत निवडणुकीचा रंग ठरून गेला होता. शांततेची किंमत ॲडम्सने सत्तेने मोजली असे म्हणणे अवघड नाही.

डिसेंबरात साउथ कॅरोलायनाची आठ मते आली आणि चित्र स्पष्ट झाले. जेफरसन ७३, आरन बर ७३, ॲडम्स ६५, फेडरलिस्टांचा दुसरा उमेदवार चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी ६४. फेडरलिस्टांनी काळजी घेऊन एक मत तिसऱ्याच माणसाला, जॉन जे याला दिले होते, म्हणजे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांच्यात एकाचा फरक राहावा. रिपब्लिकनांची शिस्त एवढी कडक निघाली की प्रत्येक निर्वाचकाने जेफरसन आणि बर ही दोन्ही नावे लिहिली. बरला उपाध्यक्ष करायचे हे साऱ्या देशाला ठाऊक होते. घटनेच्या दृष्टीने मात्र दोघे बरोबरीचे. निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली, आणि ते गृह होते मावळते, जुन्या फेडरलिस्ट बहुमताचे. म्हणजे हरलेल्या पक्षाने ठरवायचे होते की जिंकलेल्यांपैकी अध्यक्ष कोण.

राजधानी नुकतीच फिलाडेल्फियाहून पोटोमॅक नदीकाठच्या नव्या वॉशिंग्टन शहरात आली होती. शहर कसले, चिखल, झाडांचे बुंधे आणि थोडी भोजनगृहे. काँग्रेसच्या इमारतीची एकच बाजू उभी राहिली होती. ॲडम्स नोव्हेंबरात अध्यक्षांच्या अर्धवट बांधलेल्या घरात राहायला आला. त्याची पत्नी ॲबिगेल मोठ्या रिकाम्या दिवाणखान्यात कपडे वाळत घालत असे. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये त्यांचा मुलगा चार्ल्स वारला. पराभवाची बातमी आणि ही बातमी थोड्याच अंतराने त्या घरात आली.

बुधवार, ११ फेब्रुवारी १८०१. बाहेर बर्फ पडत होते. सिनेटचा अध्यक्ष या नात्याने मते मोजण्याचे काम उपाध्यक्षाचे, म्हणजे खुद्द जेफरसनचे होते. जॉर्जियाहून आलेला कागद नियमाप्रमाणे भरलेला नव्हता. ती चार मते वगळली असती तर जेफरसन आणि बर दोघेही बहुमताच्या ७० या आकड्याखाली गेले असते आणि हरलेले उमेदवारही पुन्हा स्पर्धेत आले असते. जेफरसनने ती मोजली, कोणी हरकत घेतली नाही. मग प्रतिनिधिगृहाने दारे लावून मतदान सुरू केले. सोळा राज्ये, बहुमताला नऊ हवीत. पहिल्या फेरीत जेफरसनला आठ, बरला सहा; व्हर्माँट आणि मेरीलँड यांचे सदस्य निम्मेनिम्मे फुटल्याने त्यांची मते कोरी. दुसरी फेरी, तेच. तिसरी, तेच. रात्रभर मतदान चालले. सदस्यांनी उशा आणि पांघरुणे मागवली. मेरीलँडचा रिपब्लिकन सदस्य जोसेफ निकल्सन तापाने फणफणला होता. त्याला खाटेवर घालून बर्फातून आणले आणि शेजारच्या खोलीत निजवले. बायको उशाशी बसलेली. प्रत्येक फेरीला तो थरथरत्या हाताने जेफरसनचे नाव लिहून देई. तो आला नसता तर मेरीलँड बरच्या पारड्यात गेले असते.

फेडरलिस्टांना बर का हवा होता? तो उत्तरेकडचा होता, त्याला ठाम मते नव्हती, त्याच्याशी सौदा जमेल असे त्यांना वाटले. आणखी एक मसलत उघड चालू होती. ४ मार्चपर्यंत निवडच होऊ द्यायची नाही. मग पद रिकामे पडेल आणि कायदा करून ते आपल्यातल्या कोणाकडे हंगामी सोपवता येईल. या बातम्या बाहेर पसरल्या तसा व्हर्जिनियाचा गव्हर्नर जेम्स मन्रो आणि पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर थॉमस मॅकीन यांनी आपापल्या राज्याची नागरी फौज, मिलिशिया, सज्ज ठेवायला घेतली. व्हर्जिनियातल्या केंद्राच्या शस्त्रसाठ्यावर मन्रोने नजर ठेवली. जेफरसनने १५ फेब्रुवारीला मन्रोला कळवले, की असा कायदा झाला तर मधली राज्ये हत्यार उचलतील आणि एक दिवसही ते सहन करणार नाहीत, असे आम्ही समोरच्यांना स्पष्ट सांगितले आहे. यादवी युद्ध हा शब्द लोक सहज वापरू लागले होते.

आरन बर या काळात न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत होता. मुलीचे लग्न त्याने तिथेच लावले. मला अध्यक्षपद नको, ते जेफरसनचे आहे, एवढे एक वाक्य त्याने जाहीरपणे ठामपणे म्हटले असते तर सगळे तिथेच मिटले असते. आधी मोघम नकार देऊन नंतर त्याने तोंड मिटले. मतांसाठी तो धडपडलाही नाही आणि बाजूलाही झाला नाही. त्याचे राजकारण पुढे त्या मौनानेच संपवले. जेफरसनने त्याच्यावर पुन्हा कधी विश्वास टाकला नाही.

आता हॅमिल्टन. मे महिन्यात नियम वाकवायला निघालेला हाच माणूस डिसेंबर-जानेवारीत फेडरलिस्ट सदस्यांना पत्रांमागून पत्रे लिहू लागला: बरला मत देऊ नका. जेफरसन माझा विरोधक आहे, त्याची मते मला घातक वाटतात, पण त्याला काही मते तरी आहेत. तो सावध आहे, एकदा उभी राहिलेली व्यवस्था तो एकाएकी मोडणार नाही. बरला स्वतःखेरीज कशाचीच चाड नाही. यात बरविषयीचे वैयक्तिक वैर पुष्कळ होते, ते नाकारता येत नाही. तरीही ज्याच्याशी दहा वर्षे भांडण केले त्या शत्रूची पारख त्याने बरोबर केली. त्याच्या बहुतेक पक्षबंधूंनी ऐकले नाही.

ज्याने शेवटी मार्ग काढला तो डेलावेअरचा जेम्स बेयार्ड. वय तेहेतीस. डेलावेअर एवढे छोटे की प्रतिनिधिगृहात त्याचा हा एकच सदस्य. म्हणजे त्याच्या एकट्याच्या खिशात एका राज्याचे अख्खे मत. तो पक्का फेडरलिस्ट होता आणि पहिल्या फेरीपासून बरला मत देत होता. पण ४ मार्च जवळ येत चालला आणि अध्यक्षच नाही असा देश त्याला दिसू लागला. अध्यक्ष नसला तर घटनाच उरणार नाही, या निष्कर्षावर तो आला. पक्षाच्या बैठकीत त्याने सांगितले तेव्हा दगाबाज म्हणून आरडाओरडा झाला. त्याने मेरीलँडच्या सॅम्युएल स्मिथमार्फत काही हमी मागितल्या: सरकारी कर्ज बुडवू नये, आरमार मोडू नये, आणि धोरण ठरवण्याशी संबंध नसलेल्या खालच्या अधिकाऱ्यांना केवळ पक्षावरून काढू नये. विल्मिंग्टन बंदराचा जकात अधिकारी ॲलन मॅक्लेन याचे नावही त्यात होते. स्मिथने जेफरसनशी बोलून होकार आणल्याचे बेयार्ड पुढे शपथेवर सांगतो. आपण कसलाही सौदा केला नाही, असे जेफरसन शेवटपर्यंत म्हणत राहिला. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतील. जेफरसनने स्मिथशी सहज म्हणून केलेले बोलणे स्मिथने हमी म्हणून पोचवले असण्याचा संभव मला जास्त वाटतो. मॅक्लेन जागेवर राहिला एवढे नक्की.

मंगळवार, १७ फेब्रुवारीला छत्तिसावी फेरी झाली. एकाही फेडरलिस्टाने जेफरसनला मत दिले नाही, हे तिचे वैशिष्ट्य. व्हर्माँटचा फेडरलिस्ट सदस्य लुईस मॉरिस सभागृहाबाहेर राहिला. त्यामुळे त्या राज्याचा एकटा उरलेला सदस्य मत देऊ शकला, आणि तो होता मॅथ्यू लायन, ॲडम्स सरकारने तुरुंगात टाकलेला. मेरीलँडच्या फेडरलिस्टांनी कोऱ्या चिठ्ठ्या टाकल्या. डेलावेअर आणि साउथ कॅरोलायना कोरे राहिले. जेफरसन दहा, बर चार. बर उपाध्यक्ष.

ॲडम्सच्या हातात आता दोन आठवडे होते आणि ते त्याने फार उदारपणे वापरले असे म्हणवत नाही. मावळत्या काँग्रेसने नवा न्यायव्यवस्था कायदा करून सोळा नव्या न्यायाधीशांच्या जागा निर्माण केल्या होत्या. ॲडम्सने त्या आपल्या माणसांनी भरल्या. नेमणुकांवर अगदी शेवटच्या दिवसांपर्यंत सह्या चालल्या. सरन्यायाधीशपदी त्याने आपला परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल याला आधीच बसवले होते. मार्शल जेफरसनचा दूरचा नातलग आणि कट्टर विरोधक. तो पुढे चौतीस वर्षे त्या खुर्चीवर राहिला. दोन सत्तास्थाने सुटली तेव्हा फेडरलिस्टांनी तिसरे घट्ट धरून ठेवले, असे म्हणता येते. यातून उठलेल्या एका छोट्या अधिकाऱ्याच्या न पोचलेल्या नेमणूकपत्राच्या खटल्यात, मार्बरी विरुद्ध मॅडिसन या १८०३ च्या निकालात, घटनेविरुद्ध केलेला कायदा न्यायालय रद्द ठरवू शकते हे तत्त्व मार्शलने प्रस्थापित केले.

पण त्याच ॲडम्सने २० फेब्रुवारीला जेफरसनला एक छोटे पत्र पाठवले होते: तुम्हाला खरेदीचा त्रास आणि खर्च नको म्हणून सरकारी तबेल्यात सात घोडे आणि दोन गाड्या सोडून जातो आहे. सत्तांतराचा कागदोपत्री एवढाच सोहळा. ४ मार्चला पहाटे चार वाजता, शपथविधीला न थांबता, तो टपालगाडीने मॅसॅच्युसेट्सला निघून गेला. याबद्दल त्याला तेव्हाही नावे ठेवली गेली आणि आजही ठेवतात; वॉशिंग्टन त्याच्या शपथविधीला हजर राहिला होता, त्यामुळे तुलना सहज होते. शपथविधीला थांबला असता तर बरे दिसले असते, पण सैन्याचा सरसेनापती असलेला माणूस हरल्यावर मुकाट्याने घरी गेला याचे महत्त्व मला त्याहून मोठे वाटते.

दुपारी जेफरसन आपल्या खानावळीतून चालत काँग्रेसच्या इमारतीत गेला. शपथ मार्शलनेच दिली. भाषण इतक्या हळू आवाजात झाले की पुढच्या रांगांपलीकडे फारसे ऐकू गेले नाही. मजकूर आधीच वर्तमानपत्राकडे दिलेला असल्याने लोकांनी तो वाचला. त्याचा गाभा असा, की मतभेद म्हणजे तत्त्वभेद नव्हे, आपण सगळे रिपब्लिकन आहोत आणि सगळेच फेडरलिस्ट. बहुमताची इच्छा चालणार हे खरे, पण अल्पमताचेही समान हक्क असतात आणि ते तुडवणे हा जुलूम होय. मार्शलने त्या दिवशी सकाळी पराभूत उमेदवार पिंकनीला पत्र लिहायला घेतले होते, त्यात नव्या सरकारविषयी काळजी होती. संध्याकाळी तेच पत्र पुरे करताना त्याने लिहिले की भाषण समजूतदार आणि सलोख्याचे आहे. त्याच दिवशी मार्गारेट बेयार्ड स्मिथ या बाईंनी आपल्या नणंदेला लिहिले, की एरवी ज्या क्षणी गोंधळ, हिंसा आणि रक्तपात व्हायचा तो बदल इथे काही गडबड न होता पार पडला. त्या जेम्स बेयार्डची चुलत बहीण आणि जेफरसनचे भाषण छापणाऱ्या संपादकाची पत्नी होत्या.

जेफरसनने काय मोडले आणि काय ठेवले? राजद्रोह कायद्याखाली शिक्षा झालेल्यांना त्याने माफी दिली. नागरिकत्वाची अट पुन्हा पाच वर्षांवर आली, व्हिस्कीवरचा कर गेला, १८०२ मध्ये ते नवे न्यायाधीशही जागांसकट घालवले. मात्र हॅमिल्टनची बँक तिची मुदत संपेपर्यंत, १८११ पर्यंत, चालू राहिली. कर्ज बुडवण्याऐवजी अर्थमंत्री ॲल्बर्ट गॅलटिनने ते फेडत आणले. सुमारे ८ कोटी ३० लाख डॉलरचे कर्ज आठ वर्षांत ५ कोटी ७० लाखांवर आले, आणि तेही मध्ये लुइझियाना विकत घेऊन. फेडरलिस्टांवर खटले भरून सूड उगवण्याचे सत्र सुरू झाले नाही. त्यांची वर्तमानपत्रे जेफरसनला शिव्या देत राहिली.

या यशाला एक काळी बाजू आहे आणि ती वगळून ही गोष्ट सांगू नये. १८०० च्या जनगणनेत अमेरिकेची लोकसंख्या ५३ लाख होती, त्यात जवळजवळ ९ लाख गुलाम. त्यांना मत नव्हते, पण घटनेने राज्यांच्या जागा ठरवताना दर पाच गुलामांमागे तीन माणसे धरली होती. त्यामुळे दक्षिणेच्या निर्वाचकांची संख्या फुगली. इतिहासकारांच्या हिशोबाने जेफरसनच्या ७३ मतांपैकी डझनभर मते या तरतुदीतून आली. ती वजा केली तर ॲडम्स पुढे असता. निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, ऑगस्ट १८०० मध्ये, रिचमंडजवळ गेब्रिएल नावाच्या गुलाम लोहाराने स्वातंत्र्यासाठी उठावाचा बेत केला. वादळी पावसाने तो फसला, फितुरी झाली आणि गेब्रिएलसह पंचवीसहून अधिक जणांना फाशी देण्यात आली. गव्हर्नर होता जेम्स मन्रो. जे सत्तांतर शांततेने झाले ते मतदार गोऱ्या पुरुषांमधले होते.

घटनेतली चूक १८०४ मध्ये बाराव्या दुरुस्तीने सुधारली: निर्वाचकांनी अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांसाठी वेगवेगळी मते द्यायची. त्याच वर्षी जुलैत आरन बरने द्वंद्वयुद्धात हॅमिल्टनला गोळी घातली, तो दुसऱ्या दिवशी मरण पावला. फेडरलिस्ट पक्षाला अध्यक्षपद पुन्हा कधीच मिळाले नाही; १८१६ नंतर त्याने उमेदवारही दिला नाही. कोणालाच बहुमत नसेल तर प्रतिनिधिगृहाने राज्यागणिक एक मत देऊन अध्यक्ष निवडायचा, ही तरतूद मात्र दुरुस्तीनंतरही कायम राहिली. १८२५ मध्ये अँड्र्यू जॅक्सनला अधिक निर्वाचक मते असताना जॉन ॲडम्सचा मुलगा जॉन क्विन्सी ॲडम्स तिच्याच आधारे अध्यक्ष झाला, आणि ती आजही अमेरिकेच्या घटनेत आहे.